पिवळं रान

"यात जीव हाय म्हणता?" सोजरबाईंनी पाकिटातली काळी भुकटी चिमटीत धरून विचारलं.

"हो."

"चुलीतल्या राखंवानी दिसतंय."

"भुकटी कोळशाची आहे. जिवाणू तिच्यात आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत."

"मग तुमाला तरी कसं कळालं हायत म्हणून?"

"यंत्राखाली बघितले."

त्यांनी चिमूट पुन्हा पाकिटात झाडली, बोटाला लागलेली भुकटीही काठावर पुसून आत टाकली. मग गुळाच्या पाण्याचं पातेलं पुढे ओढून त्यात बोट बुडवलं.

"कोमट हाय. चालंल?"

"नाही. पूर्ण निवू द्या. आणि बियाणं लावून झालं की सावलीतच सुकवायचं. ऊन लागलं की मरतात."

"लईच नाजूक की. माज्या सासरी न्हाई टिकायचे."

त्या हसल्या नाहीत. चेहरा न हलवता असं काही बोलायची त्यांची रीत होती, आणि ती मला कळायला वेळ लागला. त्या पहिल्या दिवशी मी गंभीरपणे उत्तर दिलं, "टिकतात. काळजी घेतली तर टिकतात."

"व्हय का," त्या म्हणाल्या आणि पदराने पातेल्याला वारा घालू लागल्या.

आमच्या भागात सोयाबीन नुकतं आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी संशोधन केंद्रात सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात नवीन लागले होते. कडधान्यांच्या मुळांवर जिवाणू गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात, हे शेतकऱ्यांना थोडंफार ऐकून माहीत होतं. पण मुगाच्या, हुलग्याच्या मुळांवर राहणारे जिवाणू सोयाबीनवर नीट बसत नाहीत. त्याला त्याचे वेगळे लागतात, आणि जिथे सोयाबीन कधी पेरलंच नाही त्या मातीत ते जवळपास नसतातच. मला अशीच कोरी जमीन हवी होती, तीही केंद्राच्या आवारातली नव्हे, शेतकऱ्याच्या रानातली. काळ्या जमिनीचे मालक चहा पाजत आणि नाही म्हणत. सोजरबाईंनी चहा पाजला नाही. "बी फुकट देता का?" एवढंच विचारलं आणि हो म्हणाल्या.

त्यांच्याकडे गावाच्या रस्त्याला लागून असलेला मुरमाड माळ होता. हुलगा टाकायचा, नाहीतर शेरडं चारायची, एवढीच त्याची किंमत. नवरा काविळीने गेल्यावर त्या बरीच वर्षं सासरच्या मोठ्या घरात राहिल्या. मूलबाळ नव्हतं. घरच्यांच्या आणि गड्यांच्या भाकरी थापायच्या आणि सगळ्यांच्या मागून जेवायचं. मग एकदा जावेशी कशावरून तरी बिनसलं. तेव्हा थोरल्या दिरांनी, मारोतरावांनी, चार माणसांसमोर हा माळ 'खाण्यापुरता' म्हणून त्यांना तोडून दिला. दिला म्हणजे तोंडी. सातबारा मारोतरावांच्याच नावावर राहिला. सोजरबाईंनी माळावर पत्र्याची खोली उभी केली आणि चूल मांडली.

"माळात काय ठिवलंय, म्हणतेत लोक," त्या मला म्हणाल्या होत्या. "मी म्हणते, माजी चूल ठिवलीय. भूक लागली की जेवते. कुणाचं झालं का, कुणाचं राह्यलं का, बगावं लागत न्हाई."

त्या वर्षी आम्ही अर्धा माळ जिवाणू लावलेल्या बियाण्याने पेरला आणि अर्धा तसाच. फुलोऱ्याच्या वेळी मी गेले तर मधल्या खुणेच्या काठीपाशी रंगाची रेघ ओढल्यासारखी दिसत होती. अलीकडे गर्द हिरवं, पलीकडे पिवळट, खुजं. सोजरबाई काठीजवळ उभ्या होत्या.

"तिकडच्या अंगाला बी पुढच्या साली लावा," त्या म्हणाल्या. "लोकं म्हणतेत, दोन बायकांचा संसार हाय, एक आवडती अन् एक नावडती."

त्यानंतर दरवर्षी त्यांनी स्वतःच बीजप्रक्रिया केली. गोणपाट अंथरायचं, गुळाचं पाणी शिंपडायचं, भुकटी घालायची आणि दोन्ही तळव्यांनी बी असं फिरवायचं की साल निघू नये. माझ्या हाताखालच्या माणसांच्या हातून साल निघायची, त्यांच्या हातून नाही. त्यांनी हुलगा थांबवला नाही. सोयाबीनमागे हुलगा, बांधाला तूर. दोन म्हशींचं शेण उकिरड्यात कुजवून त्या डोक्यावरून पाट्या वाहून माळावर नेत. चौथ्या वर्षी मी माती तपासली आणि आकडे पुन्हा तपासले. माती सुधारली होती.

त्याच वर्षी आमच्या प्रमुखांनी, वट्टमवार सरांनी, शिवारफेरी त्या माळावर ठेवली. शिवारफेरी म्हणजे शेतकऱ्यांना जमवून प्रत्यक्ष रानातून फिरवायचं आणि उभं पीक दाखवायचं. गाव आलं, शेजारची गावं आली. बांधावर सतरंजी टाकली होती. पुढे मारोतराव बसले होते, पांढऱ्या टोपीत, हातात पितळी अडकित्ता फिरवत. सोजरबाई मागे तुरीच्या ओळीआड पदर पुढे ओढून उभ्या होत्या. मारोतराव त्यांचे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर त्या डोकं उघडं ठेवत नसत आणि त्यांच्याशी थेट बोलतही नसत. काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाकडे बघून सांगायचं, 'म्हणावं अमुक'. मारोतरावही तसंच बोलत. जुन्या घरांतून ही रीत तेव्हा होती.

मी एक रोप मातीसकट उपटलं, मूळ बादलीत हलवून धुतलं आणि वर धरलं. मुळाला मण्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या. एक गाठ नखाने फोडून मी पुढच्या रांगेला दाखवली. आतून ती गुलाबी, जवळजवळ लाल होती.

"झाडाला बी रगत असतंय व्हय, मॅडम?" कोणी तरी विचारलं.

"रक्तात असतं त्याच जातीचं द्रव्य आहे हे. गाठ अशी लाल निघाली की समजायचं जिवाणू काम करतायत. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात."

"म्हंजी बटईनं हायत," एक म्हातारा म्हणाला. "निम्मं तुजं, निम्मं माजं."

"तसंच."

"आन् बटईदारानं नुस्तं खाल्लं, काम न्हाई केलं तर?"

"तशाही गाठी असतात. आतून पांढऱ्या, नाहीतर हिरवट निघतात. खातात आणि काही देत नाहीत."

"असल्या गाठी आमच्या घरात बी हायत," म्हातारा म्हणाला, आणि सतरंजी हसली. मारोतरावही हसले. मग अडकित्ता खाली ठेवून त्यांनी मला विचारलं,

"मॅडम, एक सांगा. आता या पिकापुरतंच हे, का जमीनच सुधारली म्हणायची?"

"जमीन सुधारली," मी म्हणाले. "जिवाणू आता मातीतच राहिलेत. पुढे पाकीट नाही लावलं तरी काही वर्षं गाठी येतील. मी माती तपासली आहे. हा माळ आता तुमच्या काळ्या रानाच्या फार मागे नाही."

वट्टमवार सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी तुरीच्या ओळीकडे बघितलं. सोजरबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी पदर आणखी पुढे ओढला होता. मला वाटलं, लाजल्या असतील.

मळणी झाल्यावर मी उतारा नोंदवायला गेले. खोलीच्या पुढ्यात पोती रचलेली होती आणि सोजरबाई सुपाने उरलेले दाणे पाखडत होत्या. त्या कधी नव्हे ते खुशीत दिसत होत्या. खोलीला मागून पडवी काढायची, असं बोलत होत्या. तेवढ्यात मारोतराव आले. सोजरबाई उठल्या, पाठमोऱ्या झाल्या, डोक्यावर पदर घेतला. मारोतराव माझ्यासमोरच्या पोत्यावर टेकले.

"बरं झालं मॅडम, तुमी हायत," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "तिला म्हणावं, लई दिवसापासनं मनात हाय. ही जागा रस्त्याची. येणाराजाणारा बगतो. एकल्या बाईमाणसाला बरं दिसत न्हाई. म्हणावं, ओढ्यापल्याडचं रान घे. आत हाय, आडोशाला हाय. खोली बी तिकडं बांधून देतो, माज्या खर्चानं."

ओढ्यापलीकडचं रान मी बघितलं होतं. गायरानाला लागून होतं. त्यात दगडाखाली दगड होते.

सोजरबाईंनी भिंतीकडे बघत म्हटलं, "ताई, त्यांना म्हणावं, मला रस्त्याची भीती वाटत न्हाई."

"म्हणावं, तुला न्हाई वाटत, घराला वाटती."

"म्हणावं, इतकी वर्सं न्हाई वाटली ती?"

मारोतरावांनी टोपी सरळ केली. मग तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तिला म्हणावं, मी इचारायलो न्हाई. सांगायलोय."

ही सगळी वाक्यं त्या दोघांनी माझ्याकडे बघून म्हटली होती. एकही मला पुन्हा म्हणावं लागलं नाही. मी मधे म्हणाले, "मारोतराव, हा माळ त्यांनी सुधारला आहे. स्वतःच्या डोक्यावरून खत वाहिलंय त्यांनी."

"ते खरंच की," ते म्हणाले. "तिचा हातगुण हाय. मग तिकडलं बी सुधरील. तुमी हायतच की पाकिटं द्यायला."

ते गेल्यावर सोजरबाईंनी सूप उचललं आणि राहिलेले दाणे पाखडून संपवले. मी म्हणाले, "चार माणसांसमोर दिला होता ना माळ? त्या माणसांना बोलवा."

"त्यातले दोन मेले. एक त्यांचे व्याही हायत. अन् चौथा त्यांच्याच रानात सालगडी हाय," त्या म्हणाल्या. "बोलवा कुणाला बी."

मी केंद्रावर येऊन वट्टमवार सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटल्यासारखी मान हलवली.

"घरची भांडणं आहेत, तळणीकर. त्यात आपण पडत नाही." मग ते म्हणाले, "पण प्लॉट तोच राहणार ना?"

"हो."

"मग आकडेवारी तुटत नाही. मारोतरावांशी मी बोलतो. ते आपल्याला नाही म्हणणार नाहीत."

ते नाही म्हणाले नाहीत. पुढच्या हंगामात माळावर केंद्राची पाटी लागली, तिच्यावर मारोतरावांचं नाव. बियाणं त्यांच्या गड्याने घाईघाईत, उन्हात पेरलं, पाकिटं तर पोत्यातच राहिली होती. तरी पीक गर्द हिरवं आलं. जिवाणू मातीत होतेच. मालक बदललाय हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. त्या वर्षी मारोतरावांना तालुक्याच्या मेळाव्यात शाल मिळाली आणि भाषणात त्यांनी माझं नाव दोनदा घेतलं.

सोजरबाईंना मी पेरणीआधीच, ओढा ओलांडून, पाकिटं नेऊन दिली होती. केंद्राच्या हिशेबात तो प्लॉट नव्हता, पाकिटं मी माझ्या वाटणीची नेली. नवी खोली जुन्याच पत्र्यांची होती. रानातले वरवरचे दगड वेचून त्यांनी कडेला रचले होते. मी म्हणाले, "माळासारखंच होईल बघा. तिथेही सुरुवातीला असंच होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. पाकिटं दोन्ही हातांनी घेतली आणि आत, गार जागी ठेवली.

फुलोऱ्याच्या वेळी मी गेले तेव्हा लांबूनच माझी पावलं मंदावली. सबंध रान पिवळं होतं. कुठेतरी डाग पडलाय, कुठे पाणी साचलंय, असं नव्हे, या बांधापासून त्या बांधापर्यंत एकसारखं, फिकं, खुजं पिवळं. मी वाटेच्या कडेचं एक रोप धरून हलक्या हाताने उपटलं. मूळ झटकलं. गाठ नव्हती. दुसरं उपटलं. त्यालाही नव्हती. मुळं केसांसारखी साफ होती.

सोजरबाई खोलीतून येताना दिसल्या. मी त्यांना बसूही दिलं नाही.

"गुळाचं पाणी गरम राहिलं होतं का?"

"न्हाई."

"उन्हात सुकवलं?"

"न्हाई ओ."

"कीडनाशक लावलं का आधी, बी खराब होतं म्हणून? ते लावलं असेल तर—"

"ताई, लावलंच न्हाई."

"काय लावलं नाही?"

"पाकीट. लावलंच न्हाई बियाला."

मला वाटलं, त्यांचा हिरमोड झाला असेल, नव्याने सगळं करायचं बळ राहिलं नसेल. मी आवाज खाली आणला. "मला बोलवायचं. मी येऊन लावून दिलं असतं."

"बळ हाय की. सगळ्या तांड्याचं बी मीच लावून दिलंय या साली. पल्याडच्या वस्तीचं बी. पाकिटं संपली तर तालुक्याहून आणवली. पायलीमागं मूठभर दाणं घेते. म्हणतेत, सोजरबाईचा हात लागला की मूळ लगडतं." त्यांनी ओढ्याच्या वरच्या बाजूला हात केला. "जाताना बगा तांड्याची रानं. काळी दिसतेत हिरवी होऊन."

दिसली तेवढी रानं मी तिथूनच बघितली. खरं होतं.

"आणि शेणखत?" मी विचारलं. "तेही नाही टाकलं?"

"इकलं. उकिरडा सबंध इकला."

माझ्या हातात ती दोन रोपं तशीच होती. मी म्हणाले, "सोजरबाई, निम्मंही येणार नाही हे पीक. तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे."

"निम्मं यील की. निम्मं माजं." त्या वाकून रोपांतलं गवत काढू लागल्या. अगदी मन लावून, चांगल्या पिकातलं काढावं तसं. "पुरं आलेलं कुणाचं असतंय, ते बगितलं की आपण."

मी हातातल्या मुळांकडे बघितलं.

"पिवळं हाय तवर माजं हाय, ताई," त्या न बघता म्हणाल्या. "हितनं पुढं आणखी कुठं घालवतेल? ह्याच्या पल्याड गायरानच हाय."

बैलगाडीच्या वाटेवरून कुणी तरी येत होतं. मारोतराव होते, मागे गडी एक नवा गोऱ्हा घेऊन. सोजरबाई उठल्या आणि पाठमोऱ्या झाल्या. मारोतरावांनी मला नमस्कार केला आणि रानावरून सावकाश नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काय ओ मॅडम, हे असं कसं? पाकिटं न्हाईत का दिली?"

"दिली होती."

"मग?"

सोजरबाई माझ्यापासून हाताच्या अंतरावर होत्या. त्यांची पाठ हलत नव्हती. मारोतरावांनी वाकून मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरडलं, आणि हात झटकून मला विचारलं, "खरं सांगा. तुमी शिकलेल्या हायत. या रानाला काही विलाज हाय का? दोन वर्सांनी, चार वर्सांनी?"

त्यांनी मनापासून विचारलं होतं. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. तो मीच मिळवला होता, सतरंजीसमोर.

"नाही," मी म्हणाले. "माती तपासली मी. इथे जिवाणू धरत नाहीत. दगड आहे खाली. किती पाकिटं लावली तरी हेच."

"कायमचं?"

"कायमचं."

मारोतरावांनी मान हलवली. चेहऱ्यावर थोडी दया आली, आणि ती खोटी नव्हती. "नशीब एकेकाचं," ते म्हणाले. "तिला म्हणावं, जमंल तेवढं कर. लई जीव काढू नको त्यात." आणि गोऱ्ह्याच्या मागे निघून गेले.

त्यांची टोपी ओढ्याच्या उतारावर दिसेनाशी झाल्यावर सोजरबाई वळल्या. आभार मानले नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांची नजर माझ्या हातातल्या दोन रोपांवर गेली, मग वाटेच्या कडेला जिथून मी ती उपटली होती तिथे. तिथे पिवळ्या ओळीत मोकळी जागा दिसत होती.

त्यांनी रोपं माझ्या हातातून घेतली, खाली बसून बोटाने भोकं केली, ती उघडी मुळं आत खोचली आणि दोन्ही बाजूंनी माती दाबली.

"जगायची नाहीत आता," मी म्हणाले.

"न्हाई जगंनात," त्या म्हणाल्या आणि एका रोपाची मान सरळ केली. "वाटंवरनं पिवळी दिसली की बास."